लाडकी फ्रेम आणि घासलेली चेन

पत्र कोथरूडहून आलंय. मूळ पत्र तीन पानी आहे, थोडं कापून देते:

"मी ४४ वर्षांचा, आयटीत आहे. २०११ साली ट्रेक कंपनीची पहिली सायकल घेतली: मॉडेल ४३००, २६ इंची चाकं, व्ही-ब्रेकची. २०२१ मध्ये ट्रेकचीच मार्लिन घेतली: २९ इंची, पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळची चकती), मागे दहा गिअर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. दुसऱ्या कंपनीची सायकल घ्यावी असं मनातही येत नाही. आता बंगळूरच्या एका गृहस्थांकडे २०१३ ची ट्रेकचीच फ्युएल ईएक्स आहे, पुढे-मागे सस्पेन्शन, सत्तर हजार म्हणतायत. इकडे मार्लिन गेल्या पावसाळ्यापासून कुरकुरते आणि गिअर आपोआप उडतो. शोरूमवाले म्हणतात बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या मधला फिरता कणा), चेन, कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) सगळं बदला, आणि ओरिजिनलच घाला. पेठेतला आमचा जुना सायकलवाला म्हणतो, काहीही बसतं. मुलगी १४ वर्षांची आहे, तिला माझी जुनी ४३०० हवी आहे. बायको म्हणते, बाल्कनीत धुणं वाळत घालायचं की सायकली? काय करू?"

पैशाचं आधी सांगून टाकते, बंगळूरचे गृहस्थ खोळंबले असतील. ती सायकल घेऊ नका. कारणं पुढे देते. पण तुमच्या पत्राची अडीच पानं त्या तिसऱ्या सायकलीवर खर्च झाली आणि कुरकुरणाऱ्या मार्लिनच्या वाट्याला चार ओळी आल्या. गोठ्यातली म्हैस आजारी आणि मालक बाजारात नवी म्हैस बघत फिरतोय, त्यातली गत. तेव्हा आपण आधी गोठ्यात जाऊ.

तुमचं ट्रेकप्रेम मला कळतं. (पुण्यात 'माझ्याकडे दोन ट्रेक आहेत' म्हटलं की समोरचा 'एक राजमाची, दुसरा कुठला?' असं विचारतो, ते सोडा.) १९७६ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, वॉटर्लू नावाच्या छोट्या गावी, लाल रंगाच्या एका कोठारात रिचर्ड बर्क आणि बेव्हिल हॉग यांनी ही कंपनी काढली. तेव्हा ते लांबच्या प्रवासाच्या सायकलींसाठी पोलादी फ्रेम करायचे. त्यांची पहिली माउंटन बाइक, ८५०, आली १९८३ मध्ये. आणि १९७६ च्याच ऑक्टोबरात तिकडे कॅलिफोर्नियात, फेअरफॅक्स गावाजवळच्या मातीच्या उतारावर काही पोरांनी जुन्या जाडजूड सायकलींच्या शर्यती सुरू केल्या. पेडल उलटं मारलं की लागणारा ब्रेक त्या सायकलींना. खाली पोचेपर्यंत मागच्या चाकाच्या मध्यातल्या हबातलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं 'रीपॅक'. म्हणजे या खेळाचं बारसं ग्रीसच्या डब्यावरून झालेलं आहे. त्या उतारावर सगळ्यात कमी वेळ नोंदवणाऱ्या गॅरी फिशरची कंपनी १९९३ मध्ये ट्रेकने विकत घेतली, आणि मार्लिन हे नाव फिशरच्या यादीतलं. तुमची मार्लिन माहेरची फिशर आहे. असं काही कळलं की सायकलीवर जीव जडतो हे खरं.

पण जीव जडला की डोळे मिटू नयेत. मार्लिन खाली बसून नीट बघा. गिअर शिमानोचे, म्हणजे जपानी. चेनच्या कडीवर बारीक अक्षरात कुणाचं नाव आहे ते वाचा, पुष्कळदा ते केएमसी या तैवानच्या कंपनीचं निघतं. पुढचं चाक धरणारा फोर्क आणखी तिसऱ्याच कंपनीचा. सीट, हँडल, रिम, टायर यांवर बाँट्रेगर लिहिलेलं असेल, तो ट्रेकच्याच घरातला. किथ बाँट्रेगरची कंपनी ट्रेकने १९९५ मध्ये घेतली. उरली ती फ्रेम. म्हणजे टायर सोडले तर तुमचं ज्या कंपनीवर प्रेम आहे तिचा भाग घासत नाही, आणि जो घासतो तो तिचा नाही. 'ओरिजिनलच घाला' या सल्ल्याचा अर्थ इथे बदलतो. दहा स्पीडच्या शिमानो कॅसेटला शिमानोची किंवा केएमसीची दहा स्पीडची चेन घाला, ती ओरिजिनलच. पेठेतल्या सायकलवाल्याचं 'काहीही बसतं' मात्र खरं नाही. आठ स्पीडची चेन जाड असते, दहाच्या कॅसेटवर ती धड चालणार नाही.

आता एक गोष्ट अशी आहे जी फक्त ट्रेकची लागते, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेखही नाही. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, फ्रेमला ज्या लहानशा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीने जोडलेला असतो ती पट्टी, हँगर. तो मुद्दाम मऊ धातूचा करतात, कारण सायकल उजव्या बाजूला पडली तर वाकायचं काम त्याने करायचं, फ्रेमने नाही. त्याचा आकार मॉडेलप्रमाणे वेगळा असतो. तुमचा गिअर आपोआप उडतोय तर माझा पहिला संशय याच्यावर. सायकलीच्या मागे उकिडवे बसा आणि डिरेलरची दोन लहान चाकं ज्या पिंजऱ्यात असतात तो बघा. कॅसेटच्या ज्या चकतीवर चेन आहे तिच्या बरोब्बर खाली, सरळ रेषेत तो लटकायला हवा. आत, आऱ्यांकडे झुकलेला दिसला तर हँगर वाकलाय. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाच्या अ‍ॅक्टिव्हाचा धक्का लागून पडली असेल, तुम्हाला पत्ताही नसेल.

मला ही अक्कल फुकट आलेली नाही. काही वर्षांपूर्वी पानशेतच्या रस्त्यावर ऐन श्रावणात वाकलेल्या हँगरवर मी चढाला सगळ्यात मोठी चकती टाकली. डिरेलर आऱ्यांत गेला, तीन आरे तुटले, हँगर मोडला, चेनचा पीळ झाला. पाच-सहा किलोमीटर ढकलत आले, मग एका टेम्पोवाल्याने दया केली. पुण्यात एका दुकानाने 'हाच बसतो' म्हणून जो हँगर दिला तो बसला नाही, भोकं दोन मिलिमीटर इकडे-तिकडे. तेव्हापासून माझ्या सीटखालच्या पिशवीत एक जादा हँगर कायम असतो. तुम्हीही तुमच्या मार्लिनचं मॉडेल आणि साल सांगून दोन मागवा. तुमच्या ब्रँडनिष्ठेचे पैसे खर्च करायची खरी जागा ही. फक्त वाकला असेल तर कारागीर मापाच्या हत्याराने तो सरळ करून देतो, बदलायची गरज नसते.

हँगर सरळ निघाला तर मग चेन. शाळेतली पट्टी घ्या, इंचाची. चेन ताणलेली ठेवून एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे तिथून चोविसावी पिन बरोबर १२ इंचावर यायला हवी. एक-सोळांश इंच, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर फक्त चेन बदला. एक-अष्टमांश पुढे गेली असेल तर उशीर झाला, तिने कॅसेटचे दातही खाल्लेत. मग नवी चेन जुन्या कॅसेटवर उड्या मारणार, आणि शोरूमवाल्यांचं म्हणणं निदान दोन-तृतीयांश खरं ठरणार. तुम्ही २०२१ पासून एकदाही चेन बदललेली दिसत नाही. वेळेवर दोन चेनी बदलल्या असत्या तर कॅसेट वाचली असती.

बॉटम ब्रॅकेट मात्र लगेच बदलू नका. कुरकुर ऐकू येते पायाखालून, पण येते भलतीकडूनच. फ्रेमची नळी पोकळ, आवाज कुठूनही कुठेही जातो. चढावर सीटवरून उठून पेडल मारा. आवाज थांबला तर दोष सीटपोस्टचा, म्हणजे सीटच्या दांड्याचा, किंवा सीटखालच्या सळ्यांचा: सीटपोस्ट काढा, पुसा, ग्रीसचा पातळ हात फिरवून परत घाला. (कार्बनच्या सीटपोस्टला ग्रीस नको, तुमचा अ‍ॅल्युमिनियमचा आहे.) थांबला नाही तर दोन्ही पेडल काढून आट्यांना ग्रीस लावा. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं हे विसरून लोक पान्ह्याला लोंबकळतात. मग चेनरिंगचे बोल्ट, चाकं आवळून धरणारे स्क्यूअर, हँगरचा स्क्रू. एवढं करून आवाज राहिला तरच बॉटम ब्रॅकेट. माझ्या अनुभवात पाचातल्या तीन वेळा सीटपोस्टच गुन्हेगार असतो.

'गेल्या पावसाळ्यापासून' हे तुमचे शब्द वाचून एक विचारते: सायकल टू-व्हीलरच्या वॉशिंग सेंटरवर नेली होती का? बहुतेक नेलीच असेल. टेकडीवरचा मुरूम आणि खाली सपाटीची काळी माती यांचा जो लगदा चाकांत बसतो तो बघून मोह होतो खरा. पण तिथल्या फवाऱ्याचा जोर हबाच्या, हेडसेटच्या (हँडल फिरतं त्या सांध्याच्या), बॉटम ब्रॅकेटच्या रबरी सीलमधून पाणी आत घुसवतो, ग्रीस बाहेर येतं, गंज आत राहतो. बादलीभर पाणी, भांडी घासायचा साधा साबण, एक मोठा ब्रश आणि दात घासायचा एक जुना ब्रश बास झाला. चिखल ओला असतानाच पाणी ओता, वाळून खडखडीत झाल्यावर खरवडू नका. मग फडक्याने पुसून चेनला तेल. प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब, आतल्या बाजूने. पेडल उलटं फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि वरचं सगळं तेल पुसून काढा. हे पुसणं कुणीच करत नाही. बाहेर राहिलेलं तेल म्हणजे धूळ पकडायचा सापळा, आणि बेसॉल्टची धूळ तेलात मिसळली की पॉलिश पेपर तयार. पावसात ओल्या हवेचं घट्ट तेल, दिवाळीनंतर कोरड्या हवेचं पातळ तेल किंवा मेणाचं. गाडीचं इंजिन ऑइल नको. खोबरेल तर नकोच, हसू नका, मी बघितलंय.

आमच्या लहानपणी सायकल 'ओव्हरऑइलिंग'ला टाकायचे. शब्द मुळात ओव्हरहॉलिंग, पण पुण्यातल्या सायकलवाल्यांनी त्याला तेल पाजलं. रॉकेलच्या परातीत छर्रे, कप, कोन, चेन सगळं बुडवून ठेवलेलं असायचं. तो सायकलवाला तुमच्या पेठेतला असेल तर त्याला सोडू नका. ४३०० चं सगळं काम त्याच्याकडे द्या: आठ स्पीडची चेन, केबल, चाकाचा आउट (वाकडेपणा) काढणं, हबात छर्रे आणि ग्रीस घालणं. त्याच्यासारखा आउट काढणारा हात शोरूममध्ये सापडेलच असं नाही. पण मार्लिनच्या हायड्रॉलिक ब्रेकला त्याला हात लावू देऊ नका. त्यात शिमानो असेल तर मिनरल ऑइल लागतं, काही दुसऱ्या कंपन्यांच्या ब्रेकना डॉट फ्लुइड लागतं. लिव्हरवरच्या झाकणावर लिहिलेलं असतं. मिनरलच्या ब्रेकमध्ये स्कूटरचं डॉट फ्लुइड ओतलं की आतली रबरं फुगतात आणि अख्खा ब्रेक जातो. डिस्कवर स्प्रे, तेल, रॉकेलचा बोळा, काहीही लागू देऊ नका. पॅडने एकदा तेल प्यायलं की ते धुऊन जात नाही, आणि हे कळतं सिंहगडच्या उतारावर, गोळेवाडीच्या अलीकडच्या वळणाला. पॅडचा घासणारा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की बदला. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटतात. गाडीत सायकल नेताना मधे पुठ्ठ्याचा तुकडा घालून ठेवा.

काट्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वेताळ टेकडी आणि तळजाईवर जाणाऱ्याने बाभळीशी तह करायलाच हवा. मार्लिनच्या रिमवर टीएलआर लिहिलेलं असेल तर ट्यूबलेस करा. आतलं सीलंट काट्याचं भोक जागीच बुजवतं, आणि हवाही कमी ठेवता येते: तुमच्या वजनाला पंचवीस पीएसआयच्या आसपास, मग दगडावर टायर उसळत नाही. आपल्या उन्हात सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकतं, तेव्हा होळीला आणि मृगाआधी आठवणीने भरा. पेट्रोल पंपावरची हवा नको, तिथला पोऱ्या डोळे मिटून चाळीस-पन्नास भरतो.

मुलीचं उत्तर हो. पण फ्रेमचं माप बघा. तिला दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, सायकलीची वरची नळी दोन पायांमध्ये घेऊन उभं करा. नळी आणि ती यांच्यात निदान दोन इंच जागा हवी. नसेल तर सायकल कितीही लाडकी असली तरी तिच्यासाठी ती धोक्याची, मग दोन वर्षं थांबा. जागा असेल तर हँडल धरणारा स्टेम आखूड घालून हँडल जवळ आणा, सीट खाली करा. मग फ्रेम पुसून उजेडात नेऊन तपासा: हँडलच्या नळीला खालची नळी जिथे जोडली आहे तिथलं वेल्डिंग, सीटपोस्टच्या पकडीखालचा भाग, बॉटम ब्रॅकेटच्या मागचे जोड. अ‍ॅल्युमिनियम थकतं आणि कधी थकलं ते सांगत नाही; केसाएवढी रेघ दिसली तर ती फ्रेम भिंतीवर. नंतर रिम. व्ही-ब्रेकचं रबर रिमलाच घासतं, आणि त्यात आपल्या मुरूमाचे कण रुतले की ते कानसासारखं काम करतं. रिमच्या कडेवर बोट फिरवा. खळगा लागला किंवा घासल्याची खूण म्हणून केलेली चर नाहीशी झाली असेल तर रिम बदला. नवी रबरं, नवी केबल, नवे टायर-ट्यूब एवढं करून दिलंत की झालं. तिला पंक्चर काढायला शिकवा. शक्यतो तुम्ही स्वतः नका शिकवू, पेठेतल्याकडे एक सकाळ बसवा. बापाकडून शिकताना मुली भांडतात, मीही भांडले होते.

आता ती फ्युएल ईएक्स. २०१३ ची म्हणजे मागच्या शॉकवर डीआरसीव्ही लिहिलेलं आहे का, हे त्यांना विचारा. दोन हवेच्या कप्प्यांचा हा शॉक फॉक्सने फक्त ट्रेकसाठी केला होता. चालतो तोवर छान चालतो. पण बिघडला तर बाजारातला कुठलाही शॉक उचलून तिथे बसवता येत नाही, आणि इतक्या जुन्या वस्तूची सील्स शोधण्यात तुमचे शनिवार जातील. हा ब्रँडचाच भाग आणि तोच घासणारा: सगळ्यात वाईट जोडी. मागचं चाक धरणाऱ्या फ्रेमच्या हलत्या भागाच्या सांध्यांत बेअरिंगा वेगळ्या, त्यांना आपला पावसाळा मानवत नाही. हवेचे शॉक आणि फोर्क पन्नास-एक तास चालवले की निदान वरवरची सर्व्हिस मागतात. तुम्ही आठवड्याला चार तास चालवलीत तर तीन महिन्यांनी एक. मार्लिनची चेन पाच वर्षांत न मोजलेला माणूस हे करील? शिवाय फ्रेमवरची ट्रेकची आजन्म हमी पहिल्या मालकापुरती असते, सत्तर हजारांबरोबर ती तुमच्याकडे येणार नाही. तुमच्या मार्लिनचं बिल मात्र जपा, तिथे ती हमी तुमचीच आहे.

आणि चालवणार कुठे? पुढे-मागे सस्पेन्शनचा उपयोग लांब, दगडी, वेगाच्या उतारावर. सकाळची वेताळ टेकडी चालणाऱ्यांची आणि मोरांची आहे, तिथे वेगाने उतरणं मला पटत नाही आणि उतरणाऱ्यांना मी तोंडावर सांगते. खडकवासला, पानशेत, बोपदेव, पिरंगुटपलीकडचे मातीचे रस्ते या सगळ्याला मार्लिन पुरून उरते. फार हौस आली तर एखाद्या मित्राची सायकल एका रविवारी मागून घ्या.

बाल्कनीबद्दल मी तुमच्या पत्नीच्या बाजूने आहे. ओल्या चादरीखाली सायकल ठेवली तर दोन्हींचं नुकसान. मार्लिन आतल्या पॅसेजच्या भिंतीवर हुकाला पुढच्या चाकाने उभी टांगा, जमिनीवर जेमतेम हातभर जागा जाते. भिंत विटेची आहे की पोकळ ब्लॉकची ते बघूनच भोक पाडा. ४३०० मुलीची झाली की ती रोज खाली-वर होणार, तिला पार्किंगमध्ये मागचं चाक आणि फ्रेम दोन्ही धरणारं कुलूप द्या. आणि टांगलेली मार्लिन खाली उतरवली की निघण्याआधी ब्रेकचे लिव्हर पाच-सहा वेळा दाबून बघत जा. उभी असताना तेलातला एखादा बुडबुडा नळीत सरकलेला असतो, लिव्हर पोकळ लागतो. दाबून घट्ट झाला तर निघा. पोकळच राहिला तर त्या दिवशी टेकडीला चालत जा आणि सोमवारी ब्रेकमधली हवा काढून घ्या.